जाते, झोपाळा आणि बाक



आजच्या भाषणाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर वाचून हे सुतारकामावरचे व्याख्यान असावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसे वाटले असल्यास ते अगदीच चूक नाही. बाक, टेबल, झोपाळा आणि जाते या वस्तूंविषयीच आम्ही बोलणार आहोत. मात्र त्या कशा कराव्यात हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. त्या माणसांना काय करतात, एवढेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगात एक नवी कला उदयास आली आहे. ती नादाची कला आहे, पण तिला गवई लागत नाही. जे ऐकावयास येतात तेच ती वाजवितात. तिची वाद्ये म्हणजे आपल्या रोजच्या वापरातले सामान. आणि तिच्या उत्तम नमुन्यांचा हेतू असा, की एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे घटकाभर तरी एकमेकांची व्हावीत. ही कला दूर देशांत वाढली हे खरे. परंतु तिचे मूळ आपल्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात पडलेले आहे असे आम्हांस वाटते, आणि तेच आज आपल्याला दाखवावयाचे आहे.

प्रथम आपण या घटकेला कसे बसलो आहोत ते पाहू. सर्वांची तोंडे एका दिशेला, व्यासपीठाकडे आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे अशीच बसत आली आहेत. या मांडणीचा फायदा उघड आहे. वक्त्याचे म्हणणे सर्वांना ऐकू जाते. पण शेजारच्याची ओळख होते ती फक्त कोपराशी. तासभर एका हाताच्या अंतरावर बसून आपण उठतो, आणि शेजारी कोण होते असे घरी कोणी विचारले तर सांगता येत नाही. यात दोष आपल्या स्वभावाचा नाही, खुर्च्यांच्या मांडणीचा आहे. उलट पंगतीत पाट समोरासमोर मांडले की काय होते? वाढप्याला हाक मारता मारता समोरच्या अनोळखी पाहुण्याशी बोलणे निघते, बोलण्यातून गाव निघते, गावातून सोयरीक निघते. माणसे तीच, भूक तीच. फक्त बैठक बदलली. सामान मुके असते असे आपण समजतो, पण कोणी कोणाशी बोलावे हे ते न बोलता ठरवीत असते.

आता कोणी म्हणेल, मोताळ्यासारख्या गावात अनोळखी माणूस आहेच कोण? इथे तर आडनाव सांगितले की आजोबांपर्यंतचा इतिहास निघतो. पण जरा बारकाईने पाहावे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून येणारी आणि मलकापूरच्या रेल्वेकडे जाणारी वाहतूक आपल्या गावावरून जाते. तालुक्याच्या कामासाठी धामणगाव बढे, पिंपळगाव देवी या बाजूंची माणसे येतात. बदलून आलेले शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, शिकण्यासाठी खेड्यांतून रोज ये-जा करणारी मुलेमुली आहेत. आणि ज्यांना आपण कधीच अनोळखी म्हणत नाही पण ज्या खरोखर अनोळखी असतात, अशा परगावाहून लग्न होऊन आलेल्या सुना आहेत. यांच्यापैकी किती जणांशी आपण आपण होऊन बोललो? अनोळखी माणसाशी बोलू नये असा काही कायदा नाही. पण बोलावयास निमित्त लागते. पाऊस आला, गाडी उशिरा आली, कोणाची पिशवी फाटून कांदे घरंगळले, की लगेच बोलणे सुरू होते. निमित्त नसेल तर दोन भली माणसे एका बाकावर तासभर मुकी बसून राहतात. ज्या कलेविषयी आम्ही बोलत आहोत, ती निमित्त निर्माण करण्याची कला आहे.

तिचे तीन नमुने आपल्यापुढे ठेवतो.

पहिला नमुना टेबलाचा. लॉरी अँडरसन नावाच्या अमेरिकन कलावतीने १९७८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात एक साधे लाकडी टेबल मांडले. त्याला ती ‘हँडफोन टेबल’ म्हणते. याची कल्पना तिला सुचली ती विजेच्या टंकलेखन यंत्रावर काम करताना. लिहिणे जमेना, तेव्हा कंटाळून तिने टेबलावर कोपरे टेकली आणि दोन्ही हातांनी डोके धरले. तो यंत्राची घरघर हाडांतून थेट कानात शिरली. मग तिने टेबलात नाद उत्पन्न करणारी यंत्रे लपविली. वर कोपरे टेकण्यापुरत्या खळग्या ठेवल्या. दोघांनी समोरासमोर बसावयाचे, खळग्यांत कोपरे टेकून हातांनी कान झाकावयाचे, की संगीत ऐकू येते. कान उघडले की नाहीसे होते. खोलीत उभे असलेल्या तिसऱ्याला काहीच कळत नाही.

यात जादू नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लाकडाच्या शिरांच्या दिशेने तो त्याच्या जवळजवळ दसपट वेगाने जातो. हाडांतूनही तो कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो. आपण फुटाणे चावतो तेव्हा आपल्याला केवढा आवाज ऐकू येतो, पण शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. घरी जाऊन टिकटिक करणारे घड्याळ लांब टेबलाच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला लाकडावर कान टेका, म्हणजे खात्री पटेल. शास्त्र एवढेच आहे. कला आहे ती दोघांना समोरासमोर बसविण्यात. डोके हातांत धरून बसणे ही चिंतेची बैठक. त्या बैठकीत दोन परकी माणसे एकमेकांकडे पाहतात आणि दोघांनाही ठाऊक असते की समोरच्यालाही काहीतरी ऐकू येत आहे.

दुसरा नमुना झोक्यांचा. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात २०११ सालच्या वसंतात मूना आंद्राओस आणि मेलिसा मोंजिआ या दोघींनी भररस्त्याच्या कडेला एकवीस झोके ओळीने टांगले. प्रत्येक झोक्याला आपापले स्वर दिलेले. एकट्याने झोका घेतला तर त्याचेच मोजके स्वर वाजतात. शेजारच्याने त्याच लयीत झोका घेतला की नवे स्वर उमटतात. अनेकांची लय जुळली तर जी धून वाजते, ती एकट्याला कितीही जोर लावून काढता येत नाही. संगीताला रदवान गाझी मूम्ने हा संगीतकार होता. आणि आश्चर्य म्हणजे, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे प्राध्यापक लुक-आलाँ जिराल्दो यांचाही सल्ला घेतला होता. प्राणी एकमेकांशी सहकार्य केव्हा करतात हा त्यांचा विषय. तोच प्रश्न या दोघींनी माणसांना विचारला, पण झोक्यावर बसवून.

या झोक्यांत निसर्गाचाही एक हात आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. झोक्याला एकदा जाऊन येण्यास किती वेळ लागतो हे मुख्यतः दोरीच्या लांबीवर अवलंबून असते, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. अडीच मीटर दोरी असेल तर एका फेरीला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो; मग वर लहान मूल बसो की तालमीतला पैलवान. म्हणजे सारख्या दोऱ्यांच्या दोन झोक्यांवर सावकार आणि सालदार बसले तर त्यांचा ताल जुळावयास काहीच अडचण नाही. जमिनीवर जी समता आणावयास शतके लागतात, ती दोरीला टांगल्यावर तीन सेकंदांत येते.

तिसरा नमुना पियानोचा. युरोपातल्या मध्यमवर्गीय घरात पियानो हे वाद्य खरे, पण पुष्कळ वेळा ते वर फुलदाणी ठेवण्याचे सामान होऊन बसते. ल्यूक जेरम हा इंग्रज कलावंत दर आठवड्याला कपडे धुण्याच्या सार्वजनिक दुकानात जात असे. तीच माणसे दर आठवड्याला तिथे येत, यंत्रापुढे बसत, आणि कोणी कोणाशी बोलत नसे. हे पाहून त्याने २००८ साली बर्मिंगहॅम शहरात रस्त्यांवर, चौकांत पंधरा जुने पियानो ठेवले. कोणीही यावे, वाजवावे. एकाने वाजविले की दुसरा थांबतो, तिसरा गुणगुणतो, चौथा म्हणतो की मला लहानपणी येत होते. पुढे हा प्रकार जगातील कितीतरी शहरांत झाला.

एक नमुना मात्र आम्ही आपल्यासाठी मुद्दामच मागे ठेवला आहे. केफी मॅथ्यूज या इंग्रज कलावतीने २००५ साली एक नादपलंग केला. त्याच्या आत ध्वनिक्षेपक बसविले आहेत, आणि अनोळखी माणसे त्यावर शेजारी शेजारी पडून अंगाने नाद ऐकतात. कलेच्या जगात त्याचा मोठा गौरव झाला. परंतु हा प्रयोग मोताळ्यात करण्याची शिफारस आम्ही करीत नाही.

या सर्वांत समान काय आहे? एक तर, वस्तू ओळखीची आहे. टेबल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दुसरे, कसब लागत नाही. न येणाऱ्याची फजिती होत नाही. तिसरे आणि महत्त्वाचे, दुसऱ्या माणसावाचून ती वस्तू अपुरी आहे. ती आपल्याला एकटे ठेवून संतुष्ट होत नाही. काही म्हणतील, ही कला कशी? ना चित्र, ना गाणे. आम्ही विचारतो, लिहिलेले नाटक पुस्तकात असते तोवर ते अर्धेच नाही का? प्रयोग झाला म्हणजे ते पुरे होते. तसाच हा झोका; दोन जण बसले म्हणजे त्याचा प्रयोग झाला.

आता आपण आपल्या घरी येऊ. दुसऱ्या माणसावाचून अपुरी राहणारी, बसल्याबरोबर नाद देणारी आणि त्या नादात दोन परक्या माणसांना एकत्र आणणारी वस्तू आपल्याकडे नव्हती काय? होती. तिचे नाव जाते.

जाते एकटीला ओढता येते, पण ते दोघींचे काम. मधे जाते, दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओढावयाचे, दुसरीने ढकलावयाचे. ताल चुकला तर पीठ जाडे पडते आणि खांदा दुखतो. खाली दगडाची घरघर, तिच्यावर ओवी. एकीने ओवी उचलली की दुसरीने धरावी, तिची संपली की हिने आपली सांगावी. आणि समोरासमोर बसणाऱ्या या दोघी कोण? पुष्कळदा एक सासू आणि दुसरी काल-परवा उंबरठा ओलांडून आलेली सून, किंवा दोन जावा, दोन वेगळ्या गावांच्या, ज्यांनी लग्नाआधी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते. दिवसा त्यांना एकमेकींशी मोकळे बोलण्याची सोय नव्हती. पहाटे जात्यावर होती. कारण ओवी ही कोणाला उद्देशून म्हटलेली नसते, आणि समोरचीला मात्र बरोबर ऐकू जाते. माहेरची आठवण, भावाची वाट, नवऱ्याचा राग, हे सारे तिथे उघडपणे बोलता येई, कारण ते गाणे होते. निमित्ताची कला म्हणतात ती याहून निराळी काय असते?

हे आम्ही केवळ भावनेने सांगत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यास राहून महाराष्ट्रातील शेकडो खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. नव्वदीच्या दशकात त्यांतील पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून त्या जगापुढे मांडल्या जात आहेत. जिला अक्षरओळख नव्हती तिने केवढे वाङ्मय केले आणि ते कोणत्या आसनावर बसून केले, हे त्यावरून दिसते. आपल्या शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींनी असेच घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. आपला तालुका त्या मुलखाला लागूनच आहे. त्यांची बोली आपल्या कानाला परकी नाही.

परंतु इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जात्याचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांनी जाते ओढलेले नसते. पहाटे तीन-चारला उठून घरादाराचे दळण दळणे हे हाल होते. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता. जाते परत आणा असे म्हणणाऱ्याने आधी दोन पायल्या ज्वारी दळून दाखवावी. आमचे म्हणणे वेगळे आहे. गिरणी आली आणि कष्ट गेले. ओवी गेली, तरी गिरणीच्या रांगेत डबे ठेवून बाया उभ्या राहत आणि बोलत. मग घरघंटी आली, तयार पिठाची पिशवी आली, आणि रांगही गेली. प्रत्येक पायरीला कष्ट कमी झाले, आणि प्रत्येक पायरीला एकेक माणूसही वजा होत गेला. कष्ट गेले हे उत्तम झाले. पण कष्टाच्या पोटात जी भेट होती, तीही आपण कोंड्याबरोबर पाखडून टाकली, आणि तिच्या जागी काही ठेवले नाही.

रेडिओची हकीकत याच वळणाची आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावात वीसेक जणांचे मंडळ करावयाचे, आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसून शेतीचा कार्यक्रम ऐकावयाचा, मग रेडिओ बंद करून आपसात चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावयाचे. पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले पॉल न्यूरथ यांनी त्यांची पाहणी करून हा प्रयोग यशस्वी ठरविला. त्या वेळी रेडिओ हे मोठे लाकडी पेटीचे सामान होते, आणि त्याच्याभोवती एरवी एकत्र न बसणारी माणसे बसली. पुढे ट्रान्झिस्टर आला, तो बांधावर गेला. मग मोबाईल आला, तो खिशात गेला. शेवटी दोन कानांत दोन बोंडे बसली आणि ऐकणारा एकटा उरला.

आज आपल्या कानांवर दोनच प्रकारचे आवाज येतात असे आम्हांस दिसते. एक लाउडस्पीकरचा, तिथे एक जण वाजवितो आणि सारा गाव निमूट सोसतो. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला बंदी घालणारे नियम २००० साली झाले आहेत. ते किती पाळले जातात ते आपण जाणता. दुसरा कानातल्या बोंडांचा. तिथे एकाचे एकालाच. एकात सर्वांवर जबरदस्ती, दुसऱ्यात सर्वांना रजा. दोघांनी मिळून काढलेला आणि दोघांपुरताच असलेला जो तिसरा आवाज, जात्याचा, टिपऱ्यांचा, नागपंचमीला एका झोक्यावर समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने जोर देणाऱ्या दोन मुलींचा, तो लोपत चालला आहे. भुलाबाईच्या दिवसांत मुली खाऊचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखीत. फुटाणे की शेंगदाणे यावर वाद होई. एका डब्यावर दहा मुलींची संध्याकाळ रंगत असे.

मागच्या काळाची आणखी एक बाजू पाहिली पाहिजे, नाहीतर हे भाषण अपुरे राहील. आपण गावच्या पाराची फार आठवण काढतो. पण त्या पारावर कोणी बसावयाचे आणि कोणी खाली उभे राहावयाचे, हे ठरलेले असे. बायका तर तिथे नव्हत्याच. डॉ. आंबेडकरांना १९२७ साली महाडला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे आपण विसरता कामा नये. तेव्हा जुन्या सामानाला डोळे मिटून नमस्कार करण्याचे कारण नाही. आमच्या मते महाराष्ट्रातले खरे सार्वजनिक आसन म्हणजे एस.टी.चा बाक. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, आणि पुढे ती लाल गाडी खेडोपाडी पोचली, तेव्हा तिकीट काढील त्याच्या शेजारी बसणे सर्वांना भाग पडले. कोण, कुठला, हे विचारण्याआधीच मांडीला मांडी लागली. ही मोठी क्रांती होती आणि ती एका बाकाने केली. पण तिचा अर्धाच भाग झाला. आपण शेजारी बसावयास शिकलो. बोलावयाचे राहून गेले.

ते कसे व्हावे? कॅनडाचे झोके विकत आणावेत, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्या सुताराला, लोहाराला आणि नळकाम करणाऱ्याला जमतील अशा तीन गोष्टी सांगतो.

पहिली, नळीचा बाक. बसस्थानकावर किंवा नगरपंचायतीच्या बागेत दोन बाक दहा-पंधरा मीटर अंतरावर ठेवावेत. एकाच्या हातापासून दुसऱ्याच्या हातापर्यंत जमिनीखालून एक नळी न्यावी आणि दोन्ही टोकांना पितळी नरसाळे बसवावे. इकडे हळू बोलले की तिकडे कानाशी ऐकू येते. वीज नको, यंत्र नको. जुन्या आगबोटींवर कप्तान खाली इंजिनाच्या खोलीत अशाच नळीतून हुकूम देत असे. विजापूरच्या गोलघुमटात लोक हाच चमत्कार पाहावयास जातात. घुमटाखालच्या सज्जात एका बाजूला कुजबुजले की समोरच्या बाजूला ऐकू येते. मात्र तिथे बहुतेक वेळा काहीच नीट ऐकू येत नाही, कारण सगळे एकदम ओरडतात. नळीच्या बाकावर ती सोय नाही. एकाने बोलावयाचे तर दुसऱ्याने कान लावून गप्प राहावयाचे. गप्प राहण्याची ही शिकवणी फुकट मिळेल, आणि तिची गरज फक्त मुलांनाच आहे असे नाही.

दुसरी, जोडझोपाळा. सारख्या लांबीच्या साखळ्यांचे दोन झोपाळे शेजारी टांगावेत. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतो तशा घंटा निवडून, एकाला एका स्वराच्या आणि दुसऱ्याला त्याच्याशी जुळणाऱ्या स्वराच्या बांधाव्यात. दोघांचा ताल जुळला की दोन्ही स्वर एकदम उमटतील. ताल जुळवावयास एकमेकांकडे पाहावे लागेल, एवढेच आम्हांस हवे आहे.

तिसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. वाचनालयात एक जुने जाते मांडावे, दोन बाजूंना दोन चौरंग ठेवावेत. दळावयाचे काही नाही. दोघांनी मिळून खुंटा फिरविला तरच एक ओवी ऐकू यावी आणि एकाने फिरविला तर नुसती घरघर व्हावी, अशी लहानशी विद्युत्-योजना त्याला जोडावी. आपल्या भागातली तंत्रनिकेतनात शिकणारी मुले ती सहज करतील. आणि ओव्या कोणाच्या? आपल्याच तालुक्यातील म्हाताऱ्यांच्या. ज्यांनी खरोखर जाते ओढले त्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा गळा, त्यांची वऱ्हाडी, माहेरच्या गावांची नावे जाणार आहेत. ध्वनिमुद्रणाला आता यंत्रशाळा लागत नाही. शाळेतल्या मुलाच्या खिशात ते साधन आहे. या उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक मुलाने आपल्या आजीच्या, आणि आजी नसेल तर शेजारच्या आजीच्या, पाच ओव्या टिपल्या तर पुढच्या वसंतात हे जाते बोलू लागेल. मग बदलीवर आलेले बँकेतले गृहस्थ आणि बाजारला आलेली एखादी बाई, कोणी सांगो न सांगो, मिळून खुंटा धरतील. आणि दोघांनाही न भेटलेल्या तिसऱ्याच एका म्हातारीचा आवाज त्यांची ओळख करून देईल. त्यात कष्ट नाहीत आणि सासुरवास नाही. भेट तेवढी परत आलेली असेल.

या कामी तीन पथ्ये पाळावीत असे सुचवितो. पहिले, या वस्तू कोणाच्या वाड्यात किंवा कोणाच्या आळीत नसाव्यात. जिथे प्रत्येकाला हक्काने येता येते अशाच जागी असाव्यात, आणि बायामुलींना निर्धास्त बसता येईल एवढा उजेड तिथे असावा. दुसरे, त्यांचा आवाज दोघांपुरताच ठेवावा. चौथ्या माणसाला ऐकू गेला की त्याचा लाउडस्पीकर व्हावयास वेळ लागत नाही. आणि ज्याला गप्प बसावयाचे आहे त्याच्यासाठी शेजारी एक साधा मुका बाकही असावा. दुःखात बसलेल्या माणसाला कोणी निमित्त पुरवू नये. तिसरे, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची ते उद्घाटनाच्या आधी ठरवावे. देणगीदाराचे नाव बाकापेक्षा मोठे असू नये हे चौथे पथ्य आम्ही सांगणार होतो, पण समोर काही देणगीदार बसलेले दिसतात म्हणून ते राखून ठेवतो.

काहींना हे सारे पोरखेळ वाटेल. पाण्याचा प्रश्न आहे, कापसाच्या भावाचा प्रश्न आहे, मुलांच्या नोकऱ्यांचा आहे. त्यात हे झोपाळे कुठे? आमचे उत्तर असे, की हे सर्व प्रश्न एकट्याने सुटणारे नाहीत, आणि जी माणसे एकमेकांशी बोललेलीच नाहीत ती ऐन वेळी एकत्र येत नाहीत. एकत्र यावयाची सवय लागते. ती आपल्या आजींना जात्यावर लागली होती, कष्टाने आणि नाइलाजाने. आपल्याला ती खुशीने लावून घेता येईल. त्यासाठी फार तर दोन बाक, एक नळी, चार घंटा आणि अडगळीत पडलेले एक जाते लागेल.

आता व्याख्यान संपले. आभारप्रदर्शन होण्यास अजून दोन-चार मिनिटे आहेत. तेवढ्या वेळात आपण खुर्ची जरा वळवून शेजारच्यांना त्यांचे गाव आणि त्यांच्या आजीचे माहेर विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.